भाजी काय करायची हे न ठरवण्याचे २१ दिवस

रेसिडेन्सी म्हणजे काय, हे सासूबाईंना समजावून सांगायला मला चार दिवस लागले. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं मला तिकडे नोकरी लागलीये. दुसऱ्या दिवशी वाटलं उरुळीकांचनसारखं काहीतरी असेल, मातीचे लेप, दुधीचा रस वगैरे, आणि मग काळजीने विचारून झालं की तुला नक्की होतंय तरी काय. तिसऱ्या दिवशी त्यांनी विषयच काढला नाही, जे जास्त भीतीदायक होतं. चौथ्या दिवशी मी सरळ सांगितलं की आई, गावाकडे एक कलाकेंद्र आहे, तिथे एक खोली देतात, टेबल-खुर्ची देतात, दोन वेळचं जेवण आणि चहा-नाश्ता देतात, कुणी काही विचारायला येत नाही, आपण आपलं लिहायचं. त्यांनी हातातली घेवड्याची शेंग मोडली, शीर काढली, आणि म्हणाल्या, "म्हणजे माहेरपणच की. फक्त पैसे भरून."

मी त्याआधी डझनभर तरी माहितीपत्रकं वाचली असतील, क्रिएटिव्ह स्पेस, अवकाश, निसर्गाच्या सान्निध्यात स्वतःशी संवाद वगैरे, पण इतकी नेमकी व्याख्या कुठे मिळाली नव्हती.

थोडं माझ्याबद्दल सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी कोथरूडला राहते, भाषांतरं करते, प्रुफं तपासते, एक कथासंग्रह आहे जो आमच्या सोसायटीतल्या तीन जणींनी वाचलाय, आणि एक कादंबरी आहे जी सहा वर्षं साठाव्या पानावर उभी आहे. साठावं पान म्हणजे वाईट जागा. मागे फिरायला उशीर झालेला असतो आणि पुढे काही दिसत नसतं. त्यात जुलै-ऑगस्ट म्हणजे दिवाळी अंकांचा सीझन, १९०९ साली 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी लेखकाचं वर्ष हे असंच चालतं, पावसाळ्यात दिवाळीची कथा लिहायची. खरं सांगायचं तर आपल्याकडे रेसिडेन्सीची गरज लोकांना फार वाटत नाही त्याचं एक कारण हेच असावं, संपादकाचा तिसरा फोन आला की माणूस रिक्षात बसूनसुद्धा कथा पूर्ण करतो.

फॉर्म भरणं हे वेगळंच प्रकरण होतं. सगळं इंग्रजीत. लेखनाचा नमुना दहा पानं, तोही इंग्रजी भाषांतरात. म्हणजे मराठीत लिहायला जागा मिळावी म्हणून आधी स्वतःला इंग्रजीत आणायचं. मी दुसऱ्यांची भाषांतरं करून पोट भरते, पण स्वतःच्या कथेचं करताना हात असे जड झाले की विचारू नका, "आंबूस" या एका शब्दापाशी अख्खी संध्याकाळ गेली. मग आर्टिस्ट स्टेटमेंट. मग 'तुमच्या कामाचा स्थानिक समुदायाशी काय संबंध असेल' असा एक रकाना, तिथे मी शंभर शब्द असे काही लिहिले की आता आठवले तरी कान गरम होतात. आपल्याकडे लिहिणारे लोक या वाटेला फार जात नाहीत त्यात आश्चर्य नाही. दिलीप चित्रे १९७५ साली आयोवाला गेले होते, तिथल्या इंटरनॅशनल रायटिंग प्रोग्रॅममध्ये, पण ते दोन्ही भाषांत सारखेच घरी असलेले गृहस्थ. बंगळूरूजवळच्या नृत्यग्राममध्ये बरीच वर्षं चाललेल्या संगम हाउस या लेखकांच्या रेसिडेन्सीने भारतीय भाषांत लिहिणाऱ्यांना आवर्जून जागा ठेवली, ते चांगलंच केलं. तरी फॉर्म म्हटला की आपला माणूस "बघू पुढच्या वर्षी" म्हणतोच.

माझी निवड झाली. एक ते एकवीस जुलै. पैसे थोडे ते देणार होते, थोडे मी, माझ्या वाट्याला १८,००० आले. नवरा म्हणाला एवढ्यात महाबळेश्वर झालं असतं. मी म्हटलं महाबळेश्वरला तू पण आला असतास. (तो हसला. चांगला माणूस आहे, पण मुद्दा तोच होता.)

जायच्या आधी मी बरंच वाचत बसले, म्हणजे लिहिणं टाळण्याचा जो सगळ्यात प्रतिष्ठित मार्ग असतो तो. त्यात एक गोष्ट सापडली जी डोक्यातून गेलीच नाही. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये पीटरबरो नावाच्या गावाबाहेर मॅक्डॉवेल म्हणून एक जागा आहे, १९०७ साली सुरू झालेली, कलाकारांच्या रेसिडेन्सींमधली अगदी जुनी. एडवर्ड मॅक्डॉवेल हा संगीतकार, त्याची बायको मॅरियन, तीही पियानो वाजवणारी. त्यांचं तिथे शेत होतं, आणि रानात एक लाकडी खोपटं, त्यात बसून तो संगीत लिहायचा, आणि त्याची तंद्री मोडू नये म्हणून बायको दुपारचं जेवण टोपलीत घालून दाराशी ठेवून जायची. दार न वाजवता. तिथे अजूनही तसंच चालतं, रानात विखुरलेले स्टुडिओ आहेत आणि दुपारी प्रत्येकाच्या पायरीवर जेवणाची टोपली येते. एडवर्ड १९०८ सालीच वारला. ती मात्र १९५६ पर्यंत जगली आणि कितीतरी वर्षं गावोगाव पियानोचे कार्यक्रम करून त्या जागेसाठी पैसे जमवत फिरली.

हे वाचताना मला अर्थातच देहू आठवलं. पुण्यात वाढलेल्या माणसाला दुसरं काय आठवणार. तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसायचे, कधी भामचंद्रावर, कधी घोरावडेश्वराला. आणि जिजाई उन्हातान्हात भाकरी घेऊन डोंगर चढायची, तिच्या पायात काटा रुतला तो विठ्ठलाने काढला अशी गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. लहानपणी मला त्या गोष्टीत विठ्ठल दिसायचा. आता भाकरी दिसते. सकाळी उठून पीठ मळलं असेल, पोरं रडत असतील, घरात पीठ होतं की नव्हतं तेही एक, आणि मग तो चढ. भंडाऱ्याला मी गाडीने गेले तरी मला दम लागला होता.

तर माझ्या डोक्यात रेसिडेन्सी म्हणजे एवढंच पक्कं झालं होतं, की अशी जागा जिथे भाकरी आणून देणारी आपली बायको नसते. आणि ज्यांना मुळात बायको नाही, म्हणजे माझ्यासारख्या बायकांना, भाकरी आणून देणारं कुणीतरी असतं.

केंद्र मुळशीच्या पुढे, धरणाच्या पाण्यापासून थोडं वर. चांदणी चौक, पिरंगुट, पौड करत नवऱ्याने सोडलं. पौडपर्यंत वायपर साधा चालू होता, पुढे फुल स्पीड, आणि त्याच्याही पुढे वायपर असून नसून सारखाच. कौलारू छपराच्या सहा खोल्या, मधे मोठं स्वयंपाकघर, त्याच्या ओसरीवर लांब टेबल, मागे पत्र्याच्या शेडमध्ये चिनीमातीच्या कामाची लाकडाची भट्टी. नेटवर्क फक्त पाण्याच्या टाकीपाशी, तेही छत्री धरून. आम्ही सहा जण होतो. नागपूरचा एक चित्रकार, कोल्हापूरचा एक मुलगा जो पॉटरी करायचा, कलकत्त्याची कवयित्री, बंगळूरूचा एक जण जो आवाज रेकॉर्ड करायचा (पागोळ्यांचे, बेडकांचे, एकदा माझ्या घोरण्याचे, चुकून म्हणाला), मुंबईची एक मुलगी जी कापडावर काहीतरी करायची ते मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही, आणि मी, सगळ्यांत मोठी.

आणि स्वयंपाकाच्या मावशी. खालच्या वाडीतल्या. सकाळी साडेसातला छत्री मिटत यायच्या, चहा, पोहे नाहीतर घावन, मग दुपारचं. आमच्या घरच्या भाषेत सांगायचं तर हात चांगला. पावसाळ्यात बांधावर जे उगवेल ते ताटात, टाकळा, कुर्डू, भारंगी, आणि इंद्रायणीचा चिकट भात. पहिल्या दिवशी मी ताट घेऊन बसले आणि मावशींनी तांदळाची भाकरी वाढली, तव्यावरून थेट, तेव्हा मला एकदम रडू आलं. खरंच. कलकत्त्याची कवयित्री घाबरून म्हणाली, मिरची? मी म्हटलं हो, मिरची.

पहिले चार दिवस मी फक्त झोपले. हे कुठल्याच माहितीपत्रकात लिहीत नाहीत पण बहुतेक बायकांचं असंच होत असावं. झोपायचं, उठायचं, जेवायचं, ओसरीवर बसून पाऊस बघायचा, पुन्हा झोपायचं. पाचव्या दिवशी वही उघडली. साठावं पान. सहाव्या दिवशी साठावं पान खोडलं, म्हणजे आता एकोणसाठ. सातव्या दिवशी मला कळलं की घरी मी ज्या गोष्टींवर खापर फोडत होते, दूधवाला, गॅसवाला, मुलाचे क्लास, सासूबाईंच्या गोळ्या, त्यांतलं काहीही इथे नाहीये आणि तरी मला पुढचं वाक्य येत नाहीये. ही फार वाईट बातमी असते. घरी असताना निदान सबब असते.

मग लेखक अशा वेळी करतो ते मी केलं, स्वयंपाकघरात जाऊन गप्पा मारायला लागले.

मला मुळशीच्या ओव्यांबद्दल माहिती होतं. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी या डोंगरातल्या बायकांपासून सुरुवात करून जात्यावरच्या ओव्या जमवल्या, लाखाच्या वर झाल्या त्या, आता 'पारी' या ग्रामीण भारतावरच्या वेबसाइटवर ऐकायलाही मिळतात. एवढं डोक्यात घेऊन मी मावशींना विचारलं, मोठ्या आशेने, की तुम्हाला ओव्या येतात का. मावशी लसूण सोलत होत्या. म्हणाल्या, "जातं कुठाय आता. गिरणीत दळतो की. सासूला यायच्या. तुमच्या पुन्याच्याच बाया येऊन टेप करून गेल्त्या म्हनं." आणि लसणीची वाटी माझ्यापुढे सरकवली. म्हणजे बसलाच आहात तर सोला.

लसूण सोलता सोलता मी विचार करत राहिले. पहाटे तीन-चारला उठून दळायला बसायचं, अख्खं घर झोपलेलं, हात गुंतलेले आणि तोंड मोकळं, आणि त्या दोन-तीन तासांत त्या बायकांनी लाखभर ओव्या केल्या. आई, भाऊ, सासुरवास, विठ्ठल, पाऊस, सगळं त्यात. खोली नाही, टेबल नाही, आर्टिस्ट स्टेटमेंट नाही. आता इथून दोन पावलांवर तो नेहमीचा निष्कर्ष असतो, की बघा, खऱ्या कलेला रेसिडेन्सी-बिसिडेन्सी लागत नाही. आमच्या पुण्यात व्याख्यानमालेत कुणी हे म्हटलं की टाळ्या नक्की. पण मला ती लबाडी वाटते. कारण त्या बायकांना कुणी कधी म्हणालं नव्हतं की बाई, आजचं दळण आम्ही दळतो, तू नुसती गा. म्हणालं असतं तर काय झालं असतं हे आपल्याला माहीतच नाही. कदाचित गायलीच नसती, चार दिवस माझ्यासारखी झोपली असती. झोपू दे की.

एक मात्र झालं, मावशींशी बोलताना समोरच्या पाण्याकडे बघायची माझी नजर जरा बिघडली. ते पाणी फार सुंदर दिसतं, ढग उतरले की पलीकडचा डोंगर त्यावर तरंगतो, नागपूरच्या चित्रकाराने त्याची दहा-बारा वॉटरकलर केली होती. एका दुपारी मावशींनी उलथन्याने तिकडे दाखवून सांगितलं की त्यांच्या घरच्यांचं जुनं गाव तिथे खाली आहे. मुळशी सत्याग्रह म्हणजे १९२१, सेनापती बापट, टाटांचं धरण, मुंबईची वीज, हे आम्ही शाळेत दोन मार्कांसाठी पाठ केलेलं. उलथनं नेमकं कुठे रोखलंय ते बघायला मी उठून उभी राहिले, तेवढ्यात त्यांनी विचारलं अजून भाकरी टाकू का. मी हो म्हटलं. चित्रकाराला हे सांगितल्यावर त्याने पुढचे दोन दिवस पाणी काढलं नाही, कौलं काढली. मग पुन्हा पाणी.

नवव्या दिवशी मावशी म्हणाल्या, "उद्यापासनं मी नाय. आमची लावणी हाये. आठ दिस."

आम्ही सगळे ओसरीवर. आधी कुणाला कळलंच नाही, मुंबईच्या मुलीला वाटलं त्यांचा नाचाचा कार्यक्रम आहे. मग मी सांगितलं, भाताची लावणी. आवण तयार झालंय, पाऊस लागलाय, आता चिखलणी करून रोपं लावायची, ती थांबत नाहीत. मॅनेजरसाहेब पुण्याला गेलेले, फोनवर म्हणाले बदली बाई बघतो. अहो, लावणीच्या आठवड्यात मुळशीत बदली बाई! त्यांनाही ते माहीत होतं, कारण लगेच म्हणाले, शिधा सगळा भरलेलाय, तुम्ही सगळे मिळून छान कम्युनिटी कुकिंग करा.

इथे मी थोडी चिडून लिहिणार आहे, माफ करा. पहिल्या संध्याकाळी व्हाइटबोर्डवर एक तक्ता झाला, रंगीत मार्करने, चित्रकाराने बाजूला वांगी-टोमॅटो पण काढले, फार सुंदर. सहा जण, दोघांच्या तीन जोड्या, पाळीपाळीने. दुसऱ्या दिवशी चित्रकार म्हणाला ताई, मला खरंच चहाशिवाय काही येत नाही. (चहाही येत नव्हता.) आवाजवाला मनापासून करायचा, पण त्याला कांदा चिरायला चाळीस मिनिटं लागायची आणि तो त्याचं रेकॉर्डिंग करायचा. मुंबईची मुलगी सॅलड करायची. तिसऱ्या दिवशी काकडी संपली. चौथ्या दिवशी मी कुकर लावताना स्वतःला विचारताना ऐकलं, मोठ्याने, आज भाजी काय करायची. शप्पथ सांगते, मी कुकरकडे बघत उभीच राहिले. १८,००० रुपये भरून, सासूबाईंना वाऱ्यावर सोडून, मुळशीच्या पलीकडे येऊन, सहा माणसांचा कुकर.

कुणी जबरदस्ती केली नव्हती, हेही खरं. बाहेर थांबले असते तर त्यांनी मॅगी खाल्ली असती आणि जगलेही असते. पण भूक लागली की माझे हात आपोआप डब्यांकडे जातात, वीस वर्षांची सवय आहे, आणि ती समोरच्यालाही बरोबर कळते. आयर्लंडमध्ये एक जागा आहे, टायरोन गथ्री या नाट्यदिग्दर्शकाचं घर, त्याने मृत्युपत्रात कलाकारांसाठी देऊन टाकलं, १९८१ पासून तिथे रेसिडेन्सी चालते. तिथे दिवसभर काय हवं ते करा पण संध्याकाळी सातला सगळ्यांनी एका टेबलावर जेवायचं अशी पद्धत आहे. वाचताना मला फार छान वाटलं होतं ते. कुकरसमोर उभं राहून मला एकच विचारायचं होतं, सातला जेवायचं तर पाचला कोण उभं राहतं?

पाचव्या दिवशी पाऊस जरा उघडला म्हणून आम्ही खाली वाडीत गेलो, लावणी बघायला, आणि मनात असं की थोडी मदतही करू. मावशींच्या खाचरात पंधरा-सोळा जणी ओळीने वाकलेल्या, डोक्यावरून प्लास्टिकच्या खोळी, हात असे चालत होते की बघता बघता हिरवी रांग मागे सरकायची. मला दोन मुठी आवण दिलं. मी लावलेली रोपं पाचेक मिनिटांत आडवी झाली आणि एका म्हातारीने न बोलता ती उपटून पुन्हा लावली, नंतर हसत म्हणाली तुमी बांधावरच बसा. बसलो. तिथे कळलं की या सगळ्या मजुरीवर नाहीत, सावड आहे. आज हिच्या शेतात सगळ्या, उद्या तिच्या, ज्याने जितके दिवस दिले तितके त्याला परत. कुठे लिहिलेलं नाही. व्हाइटबोर्ड नाही, वांगी-टोमॅटो नाहीत. आवाजवाल्याने विचारलं, आणि एखादी नाही आली तर? म्हातारी त्याच्याकडे अशी बघत राहिली की त्याने रेकॉर्डर बंद केला.

त्याच आठवड्यात कोल्हापूरच्या मुलाची भट्टी होती. त्याचे मदतनीस, दोन तरुण पोरं, तेही लावणीला. पण भांडी वाळून, ग्लेझ लावून, रचून तयार, लाकूड एप्रिलमध्येच शेडमध्ये भरून ठेवलेलं, सगळं सुबाभूळ, आणि त्याच्याकडे दिवस मोजके. म्हणून आम्ही पाळ्या लावल्या. या पाळ्या मात्र सगळ्यांनी पाळल्या. चहा न येणारा चित्रकारसुद्धा चार तास लाकडं टाकत बसला. भट्टी म्हटलं की उत्साह, चूल म्हटलं की मला येत नाही. असो.

माझी पाळी रात्री दोन ते पाच.

हा मुलगा कुंभाराच्याच घरातला. आजोबांचा आवा अजून चालतो म्हणे, मोकळ्यावर, गोवऱ्या आणि भुसा, सात-आठशे डिग्रीत काम होतं. हा स्टोनवेअर करतो, त्याला जवळपास १,२८० लागते. आजोबांनी एकदा विचारलं होतं, एवढं जाळून वेगळं काय मिळतं रे? तो म्हणाला, पाणी पाझरत नाही. आजोबा म्हणाले, पाझरतं म्हणून तर गार राहतं. हे सांगून तो एकटाच खूप हसला. मग मला शिकवलं. तोंडातून दोन-तीन लाकडं सारायची, ती पेटली की धुराड्यातून हातभर ज्वाळ बाहेर येते, धूर होतो, मग हळूहळू ज्वाळ खाली बसते, ती बसली की पुन्हा लाकूड. लवकर टाकलं तर गुदमरते, उशिरा टाकलं तर उतरते. विटेतल्या छोट्या भोकातून आत बघायचं, काळा चष्मा लावून. आत मातीचे टोकदार कोन उभे केलेले असतात, ठरावीक तापमानाला ते वाकतात. शेवटचा वाकला की झालं. इतका वेळ आत मला काही दिसलंच नाही, नुसता पिवळा उजेड, भांडी आणि आग यांच्यात फरकच नाही.

तो म्हणाला मी अर्धा तास पडतो, आणि झोपला. बाहेर पत्र्यावर पाऊस. दोन लाकडं, ज्वाळ, थांबायचं, दोन लाकडं. वही खोलीत, आणली असती तरी हात मोकळे नव्हते. आणि साधारण साडेतीनच्या सुमाराला कादंबरीतली ती बाई, जी सहा वर्षं साठाव्या पानावर जिन्यात उभी होती, बोलायला लागली. माझ्या डोक्यात एक वाक्य आलं. ते विसरू नये म्हणून मी ते मोठ्याने म्हटलं. मग दुसरं आलं, तर पहिल्यासकट म्हटलं. लाकडं टाकायची आणि पहिल्यापासून म्हणायचं. चालही लागली त्याला एक प्रकारची. दहा-बारा वाक्यं झाली असतील तेव्हा मागून तो मुलगा म्हणाला, "ताई, कुणाशी बोलताय?" मी म्हटलं झोप तू.

यावरून जात्याची आठवण मला झालीच, नाही कशी होणार, पण मी ती लगेच बाजूला सारली, कारण माझ्या मागे कुणी सासू झोपलेली नव्हती आणि पाच वाजता माझी पाळी संपणार होती. पाचला खोलीत गेले, काजळीच्या हातांनीच सगळं उतरवलं, सात पानं झाली, आणि साडेसातला कुणीही उठवलं नाही. पोह्यांचं त्या दिवशी काय झालं मला अजून माहीत नाही.

भट्टी गार व्हायला दोन-तीन दिवस लागतात, घाईने उघडली तर थंड हवेने भांडी तडकतात. (इथे उपमेचा मोह होतो. नको.) अठराव्या दिवशी मावशी परतल्या. पायाला चिखल्या झालेल्या, बोटांच्या बेचक्यांत काहीतरी पांढरं औषध लावलेलं, आणि तरी चेहऱ्याने ताज्यातवान्या. मी म्हटलं मावशी, दमला असाल ना. तर म्हणाल्या, "दमन्याचं काय. पन नणंद आल्ती ना पिरंगुटावरनं, लेकरांचं नि सैपाकाचं तिनं बघितलं. आठ दिस ताटावर बसले नि ताट आयतं. म्या चुलीकडं बगितलं पन नाय."

मग स्वयंपाकघर बघितलं, मिठाची बरणी भलत्याच जागी ठेवली होती म्हणून मला बोलल्या, आणि तवा चुलीवर चढवला.

माझी पानं शेवटी ब्याऐंशी झाली. ग्रेट नाही पण खोटीही नाहीत. एकवीस तारखेला नवरा घ्यायला आला, घरी पोचले तर सासूबाई टीव्ही बघत बसलेल्या, अगदी निवांत. मला तीन आठवडे अपराधी वाटत होतं, या वयात त्यांच्या गळ्यात दोन माणसांचा स्वयंपाक. सरळ किचनमध्ये गेले, बॅगही न ठेवता. ओटा स्वच्छ. इतका स्वच्छ की संशय यावा. फ्रीजमध्ये फक्त दूध, दही आणि लोणचं.

"मी कशाला करतेय," त्या बाहेरून म्हणाल्या. "कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्राला महिन्याचा डबा लावला एक तारखेला. सगळ्यांना सांगितलं, सून माहेरी गेलीये." आणि मग, टीव्हीवरची नजर न काढता, "आता एकतीसपर्यंत पैसे भरलेत. त्यांना सांगून ठेवते, उद्यापासनं एक डबा वाढवा. तोपर्यंत तू ओट्यापाशी यायचं नाही. वाया जातील."

मी दुसऱ्या दिवशी सकाळी डायनिंग टेबलवर वही उघडून बसले, त्र्याऐंशीवर. साडेबाराला डब्याचा मुलगा आला आणि पिशवी दाराच्या कडीला अडकवून गेला. बेल मात्र वाजवली, दोनदा.